रक्तदाब ११८, तरी चिंता कायम: तीव्र पल्मनरी एम्बोलिझममध्ये एकोवरून जोखमीचा अंदाज

रुग्ण ५४ वर्षांच्या बाई. डाव्या पायाचं हाड घोट्याजवळ मोडलं होतं, शस्त्रक्रिया लागली नव्हती, तीन आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये होता. गेले दोन दिवस कुबड्यांवर चार पावलं टाकली तरी धाप लागायची. कुबड्यांची सवय नाही म्हणून होत असेल, असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या कोसळल्या. मिनिटभरात शुद्धीवर आल्या, पण छातीत धडधड राहिली आणि श्वास पुरेनासा झाला.

तातडीच्या विभागात आल्या तेव्हा त्या पूर्ण भानावर होत्या. नाडी ११२, रक्तदाब ११८/८०, श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९२ टक्के, ताप नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार नाही, कर्करोग नाही. ईसीजीत वेगवान पण नियमित ठोके आणि व्ही१ ते व्ही४ मध्ये उलट्या टी लहरी. डावी पोटरी प्लॅस्टरच्या वर घट्ट आणि दुखरी. सीटी अँजिओग्राफीत फुप्फुसाच्या दोन्ही मुख्य धमन्यांच्या शाखांमध्ये गुठळ्या दिसल्या. पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांत गुठळी अडकणं, या निदानाबद्दल शंका उरली नाही.

(हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी बांधलं आहे.)

खरा प्रश्न निदानानंतरचा होता. यांना कुठे ठेवायचं, कोणतं औषध द्यायचं, आणि पुढच्या काही तासांत काय होऊ शकतं? पल्मनरी एम्बोलिझमचे काही रुग्ण गोळ्या घेऊन दोन दिवसांत घरी जातात, तर काही दाखल झाल्यानंतर काही तासांतच दगावतात. पहिल्या पाहणीत हे दोघे बरेचदा सारखेच दिसतात.

निवासी डॉक्टरांनी वरिष्ठ डॉक्टरांना फोनवर सांगितलं, "मॅडम, बीपी छान आहे, पेसी क्लास दोन येतोय. वॉर्डमध्ये घेऊ का?" प्रश्न रास्त होता आणि त्यांचा हिशेबही बरोबर होता. पेसी म्हणजे या आजाराची जोखीम मोजणारं गुणांकन; त्यात वयाचे ५४ आणि नाडी ११० किंवा जास्त असल्याचे २०, असे ७४ गुण होतात. ६६ ते ८५ म्हणजे दुसरा वर्ग, कमी जोखीम. पण त्याच गुणांकनाची सोपी आवृत्ती लावली की नाडीचा एक गुण मिळतो, आणि एक गुण मिळाला की रुग्ण कमी जोखमीच्या गटातून बाहेर पडतो. एकाच बाई एका तक्त्यात सुरक्षित आणि दुसऱ्यात नाहीत. शिवाय त्या बेशुद्ध पडल्या होत्या, या गोष्टीला दोन्ही तक्त्यांत जागा नाही. पेसीतली बिघडलेली शुद्ध म्हणजे तपासताना दिसणारी गुंगी किंवा भ्रम. सकाळी मिनिटभर हरपलेली शुद्ध त्यात बसत नाही. पण या आजारात शुद्ध हरपणं बऱ्याचदा हृदयाची उजवी बाजू काही क्षण रक्त पुढे ढकलू शकली नाही याची खूण असते. म्हणून त्या अतिदक्षता विभागात गेल्या आणि तासाभराच्या आत एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला.

एकोकडून नेमकं काय हवं होतं

हृदयाची उजवी जवनिका, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा खालचा कप्पा, पातळ भिंतीची असते. फुप्फुसांतला रक्ताचा विरोध अगदी कमी, त्यामुळे तिला जोर कधी लावावाच लागत नाही. ती भात्यासारखी चालते: भरपूर रक्त, हलका दाब. भात्याचं तोंड अचानक अर्धवट बंद केलं की तो फुगतो, तसंच हिचं होतं. फुप्फुसधमन्यांच्या एकूण जागेपैकी ३० ते ५० टक्के जागा अडली की तिथला दाब वाढू लागतो. गुठळीतून सुटणारे थ्रॉम्बॉक्सेन आणि सेरोटोनिन धमन्या आकसवून त्यात भर घालतात. सरावाशिवायच्या उजव्या जवनिकेला फुप्फुसधमनीतला सरासरी दाब साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याच्या पुढे नेता येत नाही. तिथे तिची ताकद संपते.

त्यानंतरचं चक्र ओळीने समजून घेण्यासारखं आहे, कारण एकोतली प्रत्येक खूण या चक्राच्या एकेका पायरीची आहे. जवनिका फुगते, ट्रायकस्पिड झडपेचं (जवनिकेच्या तोंडाशी असलेल्या झडपेचं) कडं ताणलं जाऊन झडप गळू लागते. ताणलेल्या भिंतीला आकसायला जास्त वेळ लागतो. डावी जवनिका सैल पडून भरण्याच्या तयारीत असते तेव्हाही उजवी आकसलेलीच असते, आणि मधला पडदा डावीकडे ढकलला जातो. आधीच फुप्फुसांतून डावीकडे रक्त कमी येत असतं, त्यात डावीची जागाही आक्रसते. प्रत्येक ठोक्याला महाधमनीत जाणारं रक्त घटतं. शरीर नाडी वाढवून आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब धरून ठेवतं. ही धडपड अपुरी पडली की रक्तदाब घसरतो. मग ताणलेल्या उजव्या जवनिकेच्या स्नायूलाच रक्त कमी पडतं आणि ती आणखी थकते.

या क्रमात रक्तदाब अगदी शेवटी पडतो. ११८ हा आकडा इतकंच सांगतो की शरीराची भरपाई अजून चालू आहे. ती किती ओढाताणीने चालू आहे आणि किती उरली आहे, हे तो सांगत नाही. आमच्या दृष्टीने एकोचं मोल इथे आहे. "गुठळी आहे का" हे सीटीने सांगून झालं होतं. एकोला विचारायचं होतं ते उजव्या जवनिकेत किती दम शिल्लक आहे, हे.

पहिला एको

चार कप्प्यांच्या दृश्यात उजव्या जवनिकेची झडपेलगतची रुंदी ४६ मिमी आणि डावीची ३८ मिमी, म्हणजे गुणोत्तर १.२. हे एकाहून जास्त असणं ही ताणाची ठळक खूण. आडव्या छेदात मधला पडदा सपाट, डावी जवनिका गोल असायच्या ऐवजी इंग्रजी डी अक्षरासारखी. उजव्या जवनिकेची मोकळी भिंत मधोमध जवळजवळ निश्चल, टोक मात्र जोरात हलत होतं. १९९६ मध्ये वर्णन झालेली ही मॅककॉनेल खूण.

टॅप्सी, म्हणजे आकसताना ट्रायकस्पिड झडपेचं कडं टोकाकडे किती सरकतं ते अंतर, १३ मिमी होतं. १६ च्या खाली ते कमी धरतात. त्याच कड्याचा टिश्यू डॉपलरवरचा वेग सेकंदाला ८ सेंमी, ९.५ च्या खाली कमी. झडपेतून मागे येणाऱ्या गळतीचा वेग सेकंदाला ३.३ मीटर. वेगाचा वर्ग गुणिले चार, म्हणजे दाबातला फरक सुमारे ४४ मिमी पारा. फुप्फुसधमनीत रक्ताचा वेग शिखराला पोचायला लागणारा वेळ ५२ मिलिसेकंद. हा वेळ ६० च्या खाली आणि तो दाबफरकही ६० च्या खाली, म्हणून ६०/६० खूण हजर. उजव्या जवनिकेची भिंत ४ मिमी, जाड नाही. खालची महाशीर २३ मिमी, श्वास घेताना जेमतेम आकसणारी.

शेवटचा आकडा आम्हाला सर्वात बोलका वाटला. डाव्या जवनिकेच्या निर्गममार्गातला व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ किती अंतर पुढे सरकतो ते, १० सेंमी. निरोगी माणसात तो १८ ते २२ च्या आसपास असतो. निर्गममार्गाचा व्यास २ सेंमी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंमी; एका ठोक्याला रक्त सुमारे ३१ मिली. गुणिले ११२ ठोके, म्हणजे मिनिटाला साधारण साडेतीन लिटर. नाडी ७० असती तर हाच आकडा सव्वादोन लिटरवर आला असता. ११८ चा रक्तदाब उभा होता तो नाडीच्या वेगावर आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांवर.

याच वेळी आलेल्या चाचण्यांत हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी ८६ पिकोग्रॅम प्रति मिली होतं. ७५ वर्षांखालच्या रुग्णांसाठी १४ ही सीमा मानतात. लॅक्टेट २.४. दोन्ही मिळून सांगत होते की उजव्या जवनिकेच्या स्नायूला इजा होते आहे आणि शरीराला रक्त थोडं कमी पडू लागलं आहे. पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली तर डावी पॉप्लिटियल (गुडघ्यामागची) शीर प्रोबने दाबल्यावर मिटत नव्हती. म्हणजे मागे आणखी गुठळी होती, आणि तिचा तुकडा सुटून वर आला तर तो सहन करण्याची ताकद या जवनिकेत नव्हती. म्हणून उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) आणि जवनिकेत तरंगणारी गुठळी आहे का, हेही थांबून पाहिलं. निवड न करता घेतलेल्या रुग्णांमध्ये अशी गुठळी ४ टक्क्यांहून कमी जणांत दिसते, पण दिसली तर सगळा बेत बदलतो. इथे ती नव्हती.

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्तदाब स्थिर, पण उजव्या जवनिकेचा ताण आणि वाढलेलं ट्रोपोनिन दोन्ही हजर, असा रुग्ण मध्यम-उच्च जोखमीचा. पेसीचा वर्ग कमी असूनही या दोन खुणा सापडल्या तर त्याला कमी जोखमीचा मानू नये, हेही त्यात स्पष्ट आहे. तासाभरापूर्वी वॉर्डमध्ये जाऊ शकणाऱ्या बाई आता सतत मॉनिटरवर होत्या. हा बदल एकोने घडवला, आणि आमच्या मते एकोचा सर्वात मोठा उपयोग हाच.

गुठळी विरघळवणारं औषध लगेच का दिलं नाही

इतका बिघडलेला एको पाहिल्यावर थ्रोम्बोलिसिस (गुठळी विरघळवणारं औषध) द्यायचा मोह होतोच. फुगलेली जवनिका, सपाट पडदा, १० चा व्हीटीआय डोळ्यांसमोर असताना हात बांधून बसणं अवघड जातं. पण या प्रश्नाची नीट तपासणी झालेली आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेथो चाचणीत अगदी असेच हजारभर रुग्ण होते: रक्तदाब स्थिर, उजव्या जवनिकेचा ताण, ट्रोपोनिन वाढलेलं. निम्म्यांना हेपॅरिनबरोबर (गुठळी वाढू न देणारं औषध) टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध दिलं, निम्म्यांना फक्त हेपॅरिन. सात दिवसांत मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोसळणं हे औषधाच्या गटात २.६ टक्के, हेपॅरिनच्या गटात ५.६ टक्के. फायदा झाला, पण किंमतही मोजावी लागली. मेंदूबाहेरचा मोठा रक्तस्राव ६.३ टक्के विरुद्ध १.२ टक्के, पक्षाघात २.४ टक्के विरुद्ध ०.२ टक्के, आणि त्यातले बहुतेक मेंदूतल्या रक्तस्रावाचे.

हे आकडे उलट्या बाजूनेही वाचले पाहिजेत. फक्त हेपॅरिन मिळालेल्या, एको बिघडलेल्या, ट्रोपोनिन वाढलेल्या रुग्णांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक जणांचं त्या सात दिवसांत असं काही बिघडलं नाही. एको वाईट म्हणून सगळ्यांना औषध दिलं तर बहुसंख्य लोकांना गरज नसलेला धोका पत्करायला लावतो. म्हणून सध्याचा शहाणपणाचा मार्ग असा: हेपॅरिन द्यायचं, बारीक नजर ठेवायची, आणि रक्ताभिसरण ढासळू लागलं की थ्रोम्बोलिसिसला क्षणाचाही उशीर करायचा नाही. नजर ठेवायची म्हणजे नेमकं कशावर, हे मात्र आधी ठरवून लिहून ठेवायला हवं. आम्ही लिहिलं: नाडी, रक्तदाब, लघवी, हातापायांची ऊब, दर दोन तासांनी लॅक्टेट, आणि चार तासांनी किंवा त्याआधी काहीही बदललं तर पुन्हा एको. अल्टेप्लेज (तेही गुठळी विरघळवणारंच) कुठे आहे, मात्रा किती, कोण देणार हेही ठरवलं. रक्तस्रावाच्या धोक्यामुळे या औषधाला आड येणाऱ्या बाबी तपासल्या. शस्त्रक्रिया झालेली नसल्याने मोठा अडथळा नव्हता. कोसळताना डोक्याला मार लागला होता का, हे मात्र नातेवाइकांना दोनदा विचारलं आणि मेंदूचा सीटीही करून घेतला. तो स्वच्छ होता.

वजनाप्रमाणे एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) दिलं, नाकावाटे ऑक्सिजन सुरू केला.

सलाइनबद्दल इथेच लिहितो, कारण ही गोष्ट वारंवार चुकते. नाडी जलद आणि लॅक्टेट वाढलेलं दिसलं की लिटरभर सलाइन चढवण्याची सवय आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. इथे महाशीर २३ मिमी, फुगलेली. पडदा आधीच डावीकडे ढकललेला. अशा वेळी आणखी पाणी उजव्या जवनिकेत गेलं की ती अजून फुगते, पडदा अजून सरकतो, डावीत आणखी कमी भरतं. पाणी द्यायचंच तर महाशीर रिकामी दिसेल तिथे, थोडं थोडं, ५०० मिलीच्या आत. इथे अजिबात दिलं नाही.

चार तासांनंतरचा एको

नाडी १२६. रक्तदाब १०६/८०. कोणताही अलार्म वाजेल असा आकडा नाही. पण वरच्या आणि खालच्या दाबातलं अंतर ३८ वरून २६ वर आलं होतं, आणि बाई अस्वस्थ होत्या. उशी पुन्हा पुन्हा बदलायला सांगत होत्या. लॅक्टेट ३.६.

एकोत गळतीचा वेग आता २.९ मीटर होता. हिशेबाने दाबफरक ३४, म्हणजे चार तासांत ४४ वरून १० ने खाली. अहवालातली ही एकच ओळ वाचली तर वाटेल, फुप्फुसातला दाब उतरतोय, हेपॅरिन लागू पडलं. खरी परिस्थिती उलट होती. हेपॅरिन गुठळी वाढू देत नाही, पण चार तासांत ती नाहीशीही करत नाही. अडथळा तोच होता. त्याच्याविरुद्ध दाब निर्माण करण्याची जवनिकेची ताकद कमी झाली होती. टॅप्सी १३ वरून ११ वर, व्हीटीआय १० वरून ८ वर. एका ठोक्याला रक्त आता २५ मिली. नाडी १४ ने वाढूनही मिनिटाला जाणारं रक्त साडेतीनवरून सव्वातीन लिटरच्या खाली आलं होतं. भरपाईची धाप लागली होती.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही जागा. गळतीवरून काढलेला दाब हा अडथळा आणि ताकद या दोघांचा मिळून आकडा असतो. तो उतरला तर दोन कारणं संभवतात, आणि त्यातलं एक जीवघेणं आहे. कोणतं ते ओळखायचं तर शेजारी प्रवाहाचं माप लागतंच. प्रवाह वाढत असेल तर दाबाचं उतरणं शुभ. प्रवाहही घसरत असेल तर जवनिका हार मानते आहे. टॅप्सी आणि फुप्फुसधमनीचा दाब यांचं गुणोत्तर हल्ली जोखमीसाठी वापरतात, ०.४ च्या खाली गेलं तर वाईट. उजव्या कर्णिकेचा दाब १५ धरला तर पहिल्या एकोत ते १३ भागिले ५९, म्हणजे ०.२२ होतं. दुसऱ्या एकोत ११ भागिले ४९, पुन्हा ०.२२. वरचा आकडा आणि खालचा आकडा बरोबरीने घसरल्यामुळे गुणोत्तर जागचं हललं नाही. पहिल्या तपासणीत त्याने धोका अचूक दाखवला होता. बिघाड मात्र त्याच्या नजरेतून सुटला. व्हीटीआयने तो पकडला. व्हीटीआयचा आणखी एक गुण असा की त्याला मोठं कसब लागत नाही, मिनिटभरात मापता येतो आणि तोच कोन धरून पुन्हा पुन्हा घेता येतो. कोन मात्र तोच हवा. प्रोब तिरका झाला तर आकडा आपोआप कमी येतो आणि नसलेला बिघाड दिसतो. म्हणून दोन्ही वेळा एकाच डॉक्टरांनी, पाच कप्प्यांच्या त्याच दृश्यात, सलग पाच ठोक्यांची सरासरी घेतली होती.

मग वाट पाहायची की औषध द्यायचं? रक्तदाब अजून १०० च्या वर होता. नियमाच्या चौकटीत त्या अजून उच्च जोखमीच्या नव्हत्या. आम्ही अल्टेप्लेज भरून हाताशी ठेवलं, धमनीत रक्तदाबाची सतत नोंद घेणारी नळी टाकली, रक्तदाब वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जोडून ठेवलं, नातेवाइकांना बोलावून संमती आणि रक्तस्रावाचा धोका समजावला. गुठळी कॅथेटरने ओढून काढणाऱ्या केंद्राशीही बोलणं झालं, पण या अवस्थेत प्रवास करणं धोक्याचं होतं. श्वासनलिकेत नळी घालणं आम्ही हेतुपुरस्सर टाळलं. भुलीची औषधं रक्तदाब पाडतात आणि व्हेंटिलेटरचा दाब छातीत परतणारं रक्त अडवतो. थकलेल्या उजव्या जवनिकेला हे दोन्ही एकाच वेळी झेपत नाही, आणि नळी घालताना हृदय बंद पडण्याचा धोका असतो.

पाऊण तासाने रक्तदाब ८४/६२. हात गार, बोलणं तुटक, गेल्या तासात लघवी जेमतेम, लॅक्टेट ४.१. आता हा अडथळ्यामुळे आलेला शॉक होता आणि निर्णयात चर्चेला जागा नव्हती. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुरू करून अल्टेप्लेज १० मिग्रॅ एकदम आणि ९० मिग्रॅ दोन तासांत दिलं. रक्तदाब पडल्यापासून पहिला थेंब शिरेत जाईपर्यंत फार वेळ लागला नाही, कारण तयारी दुसऱ्या एकोनंतर झालेली होती. एनॉक्सापॅरिन आधी दिलेलं असल्याने हेपॅरिनचं इंजेक्शन शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांपर्यंत पुढे ढकललं.

दोन तासांच्या शेवटी नाडी १०४, रक्तदाब ११२/७०. सहा तासांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बंद. दुसऱ्या दिवशीच्या एकोत जवनिकांचं गुणोत्तर ०.९, टॅप्सी १७, व्हीटीआय १६, फुप्फुसधमनीतला तो शिखराचा वेळ ८४ मिलिसेकंद. गळतीचा वेग २.८ मीटर, म्हणजे दुसऱ्या एकोतल्या आकड्याच्या अगदी जवळ. पण आता एका ठोक्याचा प्रवाह दुप्पट होता आणि बाई बसून बोलत होत्या. सुया टोचलेल्या जागी काळेनिळे डाग सोडले तर रक्तस्राव झाला नाही.

एको कुठे फसवतो

या बाईंच्या एकोत जवळजवळ सगळ्याच खुणा हजर होत्या, त्यामुळे हे प्रकरण वाचून एकोबद्दल गैरसमज होऊ शकतो. निवड न करता घेतलेल्या पल्मनरी एम्बोलिझमच्या रुग्णांत ६०/६० खूण साधारण १२ टक्के आणि मॅककॉनेल खूण २० टक्के जणांत सापडते. म्हणजे ती नसल्याने काही सिद्ध होत नाही. लहान गुठळी आणि दणकट हृदय असेल तर एको अगदी निर्मळ असतो. संशय असेल तर सीटी हवाच. उलट उजव्या जवनिकेच्या हृदयविकाराच्या झटक्यातही मोकळी भिंत निश्चल आणि टोक हलतं असं दिसू शकतं. एक अपवाद लक्षात ठेवावा: रुग्ण शॉकमध्ये असेल, सीटीला नेणं शक्य नसेल, आणि खाटेशेजारच्या एकोत उजव्या जवनिकेवर ताणच नसेल, तर शॉकचं कारण पल्मनरी एम्बोलिझम नाही असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. दुसरीकडे वळायला तेवढं पुरतं.

भिंतीची जाडी मोजायला विसरू नये. ती ५ मिमीच्या पुढे असेल किंवा गळतीचा वेग ३.८ मीटरच्या वर असेल, तर हे काम एका रात्रीचं नाही. इतका दाब निर्माण करणारी जवनिका महिनोन्महिने सराव करून तयार झालेली असते. जुन्या गुठळ्यांवर नवी आली असेल किंवा फुप्फुसाचा आधीचा आजार असेल. तिथे थ्रोम्बोलिसिसकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. आणि जवनिकांची रुंदी मोजताना दृश्य तिरकं असेल तर निरोगी उजवी जवनिकाही मोठी दिसते. डाव्या जवनिकेचं टोक चित्राच्या मधोमध आलं आहे याची खात्री करूनच मोजावं.

पुढे

तिसऱ्या दिवशी त्यांना तोंडावाटे घ्यायचं, गुठळी होऊ न देणारं ॲपिक्सॅबॅन सुरू केलं, सातव्या दिवशी त्या घरी गेल्या. गुठळीमागे मोडलेलं हाड आणि प्लॅस्टर हे मोठं पण तात्पुरतं कारण होतं, म्हणून औषधाची मुदत तीन महिने ठरवली. तीन महिन्यांनी धाप नव्हती, गळतीचा वेग २.४ मीटर, व्हीटीआय २०, उजव्या जवनिकेचा आकार नेहमीचा. धाप राहिली असती किंवा वेग चढलेला असता तर व्हेंटिलेशन-परफ्युजन स्कॅन करून जुनाट गुठळ्यांचा फुप्फुसदाब शोधावा लागला असता. थोड्या रुग्णांत तो मागे राहतो आणि वेळेत सापडला तर त्यावर शस्त्रक्रियेचा इलाज आहे. इथे स्कॅनची गरज पडली नाही. ॲपिक्सॅबॅन थांबवलं, आणि पुढे कधी शस्त्रक्रिया किंवा प्लॅस्टरची वेळ आली तर ही नोंद आधी दाखवायची, असं त्यांच्या कागदावर ठळक लिहून दिलं.